गवत कापणारे पेट्रोल यंत्र : सुरक्षित वापर आणि निगा

गवत कापण्याचे काम आपल्या शेतकऱ्यास नवीन नाही. विळा, कोयता आणि खुरपे ही त्याची पिढीजात हत्यारे होत. परंतु ऐन हंगामात मजूर मिळेनासे झाल्यामुळे पेट्रोल इंजिनावर चालणारे व खांद्यास अडकवून वापरावयाचे यंत्र, म्हणजेच ब्रश कटर, आता गावोगाव पोहोचले आहे. कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी, इतरत्र बांधावरील गवताची कापणी, फळबागांतील तण काढणे, शाळेचे पटांगण व पाणंद स्वच्छ करणे अशी अनेक कामे या यंत्राने होतात. योग्य ती जोडणी बसविल्यास त्याने भातकापणीही करता येते.

विळा आणि हे यंत्र यांत एक मूलभूत फरक आहे, तो प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. हात थांबला की विळा थांबतो. यंत्राचे पाते मात्र हात थांबल्यानंतरही काही क्षण फिरत राहते. विळ्याने इजा झाली तर ती बहुधा कापणाऱ्यासच होते. या यंत्रामुळे दूर उभ्या असलेल्या निरपराध माणसाचाही डोळा जाऊ शकतो. मळणी यंत्रे खेड्यापाड्यांत आली तेव्हा त्यांत हात सापडून अनेक शेतकरी व मजूर कायमचे पंगू झाले, आणि त्या अनुभवातून १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. नवे यंत्र आले की आधी अपघात व्हावेत आणि मागाहून शहाणपण यावे, हा क्रम बदलणे आपल्या हाती आहे.

या लेखात सांगावयाची मुख्य गोष्ट एकच आहे. यंत्राची निगा आणि माणसाची सुरक्षितता या दोन निराळ्या बाबी नाहीत. ज्या दुर्लक्षामुळे यंत्र बिघडते, त्याच दुर्लक्षामुळे माणूसही जायबंदी होतो. हे कसे, ते यंत्राच्या रचनेवरून स्पष्ट होईल.

यंत्राची रचना

यंत्राच्या एका टोकास लहान पेट्रोल इंजिन असते. त्यापासून निघालेल्या पोकळ नळीतून एक दांडा दुसऱ्या टोकापर्यंत जातो. तेथे गिअरची लहान पेटी असून तिच्याखाली पाते किंवा नायलॉन दोरीचे डोके बसविलेले असते. पाते व चालक यांच्यामध्ये संरक्षक आच्छादन असते. त्यास कारागीर ‘गार्ड’ म्हणतात. यंत्राचा भार खांद्याच्या पट्ट्यावर पेलला जातो, आणि मुठीजवळ इंजिनाची गती वाढविणारा थ्रॉटलचा खटका व इंजिन बंद करण्याचा स्विच असतो. काही प्रकारांत इंजिन पाठीवर घ्यावयाचे असते. तथापि पुढील सर्व सूचना दोन्ही प्रकारांस सारख्याच लागू आहेत.

इंजिन व दांडा यांच्यामध्ये क्लच असतो. त्याचे कार्य गोफणीच्या उदाहरणाने समजेल. गोफण गरगर फिरविली की तिच्यातील धोंडा बाहेर जाऊ पाहतो. त्याचप्रमाणे इंजिन वेगाने फिरू लागले की क्लचमधील गुटके स्प्रिंगचा ताण झुगारून बाहेर सरकतात आणि भोवतालच्या डब्यास घट्ट चिकटून त्यास फिरवितात. मग दांडा व पाते फिरू लागते. खटका सोडला की इंजिनाचा वेग उतरतो, स्प्रिंग गुटक्यांस पुन्हा आत ओढते आणि पाते इंजिनापासून सुटे होते.

यावरून एक साधी परीक्षा निघते. इंजिन मंद गतीने चालू असताना, खटका न दाबता, पाते स्थिर राहिले पाहिजे. ते फिरत असेल तर मंद गती जास्त ठेवली गेली आहे किंवा क्लचची स्प्रिंग निकामी झाली आहे, असे समजावे. मंद गतीचा स्क्रू पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे फिरवूनही पाते थांबत नसेल, तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. चालकाने ‘खटका सोडला म्हणजे पाते थांबले’ असे मानून पाऊल पुढे टाकावे आणि पाते फिरतच असावे, यासारखा दुसरा धोका नाही.

वेगाचा हिशेब

पात्याच्या वेगाची कल्पना डोळ्यांना येत नाही. ती हिशेबाने करून घ्यावी. २५५ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल, तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ९३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३३६ किलोमीटर या गतीने धावते. अशा पात्याचा स्पर्श झालेला खडा, काचेचा तुकडा किंवा तारेचे टोक गोफणीतून सुटलेल्या धोंड्याप्रमाणे भिरकावले जाते.

म्हणून यंत्र चालू असताना चालकाभोवती १५ मीटर अंतराच्या आत कोणीही माणूस किंवा जनावर असू नये. १५ मीटर म्हणजे साधारणपणे २० पावले. दोन यंत्रे एकाच शेतात चालत असतील तर त्यांच्यामध्येही एवढेच अंतर राखावे. कापलेले गवत लगोलग गोळा करण्यासाठी बायामाणसे चालकाच्या मागोमाग वाकून चालत असल्याचे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. वेळेची थोडी बचत होते खरी, परंतु वाकलेल्या माणसाचे डोळे नेमके उडणाऱ्या खड्याच्या उंचीवर येतात. गवत गोळा करण्याचे काम यंत्र दुसऱ्या पट्ट्यात गेल्यावर किंवा बंद झाल्यावरच करावे.

चालकास कोणी हाक मारावयाची असल्यास पाठीमागून जाऊन त्याच्या खांद्यास हात लावू नये. आवाजामुळे त्यास चाहूल लागत नाही आणि तो दचकून यंत्रासह वळतो. समोरून, दूर उभे राहून हात वर करावा व यंत्र बंद होईपर्यंत जवळ जाऊ नये.

पेहराव

डोळ्यांवर बंदिस्त चष्मा आणि शक्य तर त्यावर जाळीचा अथवा पारदर्शक मुखवटा असावा. नुसती जाळी बारीक खडे अडवू शकत नाही, म्हणून चष्म्यास पर्याय नाही. उन्हाचा साधा काळा चष्मा या कामाचा नव्हे. यंत्राचा आवाज कानाजवळ ९० डेसिबलच्या वर जातो. रोज तासन्‌तास असा आवाज ऐकल्याने बहिरेपणा हळूहळू येतो व आलेला बरा होत नाही. म्हणून कानांवर संरक्षक किंवा कानांत बोळे घालावेत. पायांत घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाड बूट, अंगात लांब बाह्यांचा सदरा व जाड कापडाची पूर्ण विजार आणि हातांत मोजे असावेत. उंच बुटांचा आणखी एक लाभ असा की, कोकणातील गवतात फुरशासारखे विषारी साप दडून असतात, त्यांच्यापासूनही काही अंशी रक्षण होते. गळ्यात उपरणे, धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा लोंबते कपडे घालून यंत्र चालवू नये. केस लांब असल्यास ते घट्ट बांधून टोपीखाली घ्यावेत.

जागेची पाहणी

गवत उभे असताना त्याच्या पोटात काय दडले आहे हे दिसत नाही. म्हणून कापणीपूर्वी सर्व जागेवरून एकदा सावकाश चालत जावे. सुटे दगड, बाटल्या, तारेचे तुकडे व सुंभ उचलून टाकावेत. जे हलविता येत नाही, म्हणजे जमिनीतील खडक, झाडाचे धसकट, हद्दीचा दगड, ठिबक सिंचनाची नळी किंवा पाण्याचा कॉक, त्याच्याशेजारी उंच काठी रोवून तिला चिंधी बांधावी. काटेरी तारेच्या कुंपणालगत धातूचे पाते कधीही चालवू नये. तार पात्यात गुंडाळली गेल्यास ती तुटून चाबकासारखी फिरते.

पात्याची निवड

मऊ गवत व बारीक तण यांसाठी नायलॉन दोरी, जाड गवत व लहान झुडपे यांसाठी तीन दात्यांचे पाते आणि लाकूड झालेल्या झुडपांसाठी करवतीसारखे अनेक दात्यांचे पाते वापरावे. दगडधोंडे जास्त असलेल्या जागी दोरीच बरी, कारण ती झिजते पण उलट धक्का देत नाही. मात्र दोरी निरुपद्रवी आहे असे समजू नये. आंबा किंवा काजूच्या कोवळ्या कलमाच्या बुंध्यास ती लागली, तर साल सोलून निघते आणि साल सभोवार गेल्यास कलम मरते. कलमाभोवतीचे एक हात अंतरातील गवत विळ्यानेच काढावे.

दोरी संपली म्हणून तिच्या जागी लोखंडी तार किंवा सायकलच्या ब्रेकची वायर लावण्याचा प्रकार सर्वथा वर्ज्य आहे. तारेचा तुकडा तुटला म्हणजे तो बंदुकीच्या गोळीप्रमाणे सुटतो आणि जाळीचा मुखवटाही त्यास अडवू शकत नाही.

पाते बसविताना इंजिन बंद करून प्लगची टोपी काढून ठेवावी. बहुतेक यंत्रांत पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यास तो सैल होतो. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण जोर लावून आटेच मोडतात. दात्यांच्या मुळाशी किंवा मधल्या छिद्राभोवती बारीक चीर दिसली तरी पाते टाकून द्यावे. चिरलेल्या पात्यास वेल्डिंग करून ते पुन्हा वापरणे म्हणजे शे-दोनशे रुपयांच्या लोभाने पाय गमावण्याची तयारी करणे होय.

संरक्षक आच्छादन काढू नये

गवत अडकते किंवा वजन होते, या सबबीवर अनेक चालक गार्ड काढून ठेवतात. गार्ड चालकाच्या पायांचे रक्षण करतो हे तर उघडच आहे. परंतु तो यंत्राचेही रक्षण करतो. नायलॉन दोरी वापरताना गार्डला असलेले छोटे पाते दोरी ठराविक लांबीवर छाटते. गार्ड नसेल तर दोरी लांबत जाते, इंजिनावर अकारण भार पडतो, त्याची गती उतरते आणि क्लचचे गुटके घसरून तापतात व जळतात. पुढे दुरुस्तीस पैसे मोजताना ‘क्लच खराब निघाला’ असे म्हटले जाते. खरे कारण घराच्या कोपऱ्यात पडलेल्या गार्डमध्ये असते.

इंधनाची तयारी

इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक आहे, हे यंत्र विकत घेतानाच विचारून घ्यावे. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणतेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलबरोबर जाणारे तेलच आतील भागांना वंगण पुरविते. म्हणून तेल न घालता नुसते पेट्रोल भरल्यास दट्ट्या काही वेळातच तापून सिलिंडरमध्ये घट्ट बसतो व इंजिन कायमचे निकामी होते. उलट तेल जास्त झाल्यास धूर होतो, प्लगवर काजळी धरते आणि सायलेन्सर कार्बनने तुंबतो.

तेलाचे प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते, तेच पाळावे. एक लिटर पेट्रोलमध्ये २५ : १ या प्रमाणास ४० मिलिलिटर, ४० : १ या प्रमाणास २५ मिलिलिटर आणि ५० : १ या प्रमाणास २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल लागते. अंदाजाने ओतू नये. यंत्राबरोबर मिळणारी मापाची बाटली वापरावी. मिश्रण वेगळ्या डब्यात करून चांगले हलवावे आणि मगच टाकीत भरावे. ते महिनाभरात संपेल इतकेच तयार करावे.

फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल नुसतेच घालावयाचे असते व तेल स्वतंत्र जागी असते. यंत्र सपाट जागी ठेवून त्याची पातळी रोज पाहावी.

आजच्या पेट्रोलविषयी एक गोष्ट विशेष सांगणे आवश्यक आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळी हवेत पेट्रोल फार दिवस उघडे राहिल्यास हे पाणी इथेनॉलसह तळाशी वेगळे होऊ शकते, आणि कार्ब्युरेटर व रबरी नळ्या यांस अपाय होतो. आपले इंजिन किती इथेनॉल सहन करू शकते, हे पुस्तिकेत पाहावे, ताजे पेट्रोल वापरावे आणि काही दिवस काम नसेल तर टाकी भरलेली ठेवू नये.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून किमान १० मिनिटे निवू द्यावे. हे काम मोकळ्या हवेत, विडी-काडी व चूल यांपासून दूर करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटू शकते. सांडलेले पेट्रोल पुसून, झाकण घट्ट लावून, भरण्याच्या जागेपासून निदान तीन मीटर अंतरावर जाऊन मगच इंजिन सुरू करावे. पेट्रोल पाण्याच्या अथवा शीतपेयाच्या बाटलीत कदापि ठेवू नये. तहानलेले मूल बाटलीचा रंग पाहते, तिच्यातील वास पाहत नाही.

यंत्र सुरू करणे

यंत्र सपाट, मोकळ्या जमिनीवर ठेवावे. पाते जमिनीस, दगडास किंवा गवतास टेकलेले नसावे. इंजिन थंड असताना चोक लावल्यामुळे गती काहीशी वाढलेली असते व पाते सुरुवातीसच फिरू शकते, हे विसरू नये. डाव्या हाताने यंत्र जमिनीशी घट्ट धरून उजव्या हाताने दोरी प्रथम हळू ओढावी. ताण जाणवला की झटक्याने ओढावी. दोरी हातास गुंडाळू नये, तसेच ती पूर्ण ओढून एकदम सोडून देऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर चोक काढावा, दोन-तीन मिनिटे मंद चालू द्यावे आणि याच वेळी पाते स्थिर राहते की नाही ही वर सांगितलेली परीक्षा रोज घ्यावी. बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्यास वास नाही आणि तो प्राणघातक आहे.

कापणीची रीत

खांद्याचा पट्टा अशा प्रकारे जुळवावा की, हात सैल सोडले तरी पाते जमिनीच्या किंचित वर तोलून राहील. पट्टा झटक्यात सोडविण्याची कडी कोठे आहे, हे डोळे मिटूनही हातास सापडले पाहिजे. आग किंवा गांधीलमाशांचा हल्ला अशा प्रसंगी तीच उपयोगी पडते.

दोन्ही पाय थोडे फाकवून उभे राहावे व कमरेतून वळत यंत्र उजवीकडून डावीकडे न्यावे. या फेऱ्यात गवत कापले जाते. परतीचा फेरा रिकामा असावा. एक पट्टा संपल्यावर छोटे पाऊल पुढे टाकावे. मागे मागे चालत कधीही कापू नये. वरून पाहिले असता बहुतेक यंत्रांचे पाते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. पात्यास घड्याळाची तबकडी मानली, तर डाव्या अंगाचा, ८ ते १२ या आकड्यांमधील भाग कापणीस वापरावा. १२ ते ३ या आकड्यांमधील भाग खडकास किंवा बुंध्यास लागला तर यंत्र जोराने उजवीकडे उसळते. हा उलट धक्का इतका अचानक येतो की, सावरण्यास अवधी मिळत नाही. पाते कमरेच्या वर उचलून फांद्या तोडणे यास्तव वर्ज्य होय.

उतारावर समपातळीने आडवे चालावे. ओल्या निसरड्या बांधावर काम थांबविणे हेच शहाणपण. अर्धा तास काम केल्यावर थोडी विश्रांती घ्यावी आणि शक्य असल्यास चालक बदलावा. यंत्राच्या थरथरीने बोटांतील रक्ताभिसरण मंदावते. बोटे बधिर अथवा पांढरी पडू लागली तर काम थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पावसाळा संपून गवत वाळू लागले की आणखी एक धोका उभा राहतो. तापलेला सायलेन्सर वाळक्या गवतावर टेकला तर आग लागते, आणि कोकणात अशा वणव्याने वर्षानुवर्षे वाढविलेली काजूची बाग एका दुपारी राख होऊ शकते. विश्रांतीच्या वेळी यंत्र उघड्या मातीवर ठेवावे, सायलेन्सरभोवती अडकलेला पालापाचोळा वरचेवर काढावा आणि पाण्याची एक कळशी जवळ असू द्यावी.

अडकलेले गवत काढताना

गवत कापताना चालकाचे दोन्ही हात मुठींवर, म्हणजे पात्यापासून दूर असतात. हात पात्याजवळ जातो तो गुंडाळलेले गवत काढताना. ओले गवत पाते व गिअर पेटी यांच्यामध्ये अडकते, पाते थांबते, आणि घाईत असलेला चालक इंजिन चालू ठेवूनच हाताने ते ओढू लागतो. गवत सुटताच पाते पुन्हा फिरते. यासाठी क्रम कायमचा ठरवून घ्यावा. प्रथम स्विचने इंजिन बंद करावे, पाते पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहावे, प्लगची टोपी काढावी आणि मग मोजे घातलेल्या हाताने अथवा काठीने गवत काढावे. यास एक मिनिट लागते. तुटलेले बोट आयुष्यभर परत येत नाही.

नियमित निगा

रोज काम संपल्यावर यंत्र निवल्यावर ते कोरड्या फडक्याने पुसावे. इंजिनाच्या पंखांतील कचरा ब्रशने काढावा, कारण तेथूनच त्यास थंड हवा मिळते. हवेची गाळणी काढून झटकावी. ती स्पंजाची असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवावी, पेट्रोलने धुऊ नये. पुस्तिकेत सांगितले असल्यास तिला तेलाचे थेंब द्यावेत. गाळणी तुंबली की इंजिनाला हवा कमी मिळते, पेट्रोल जास्त जळते व काळा धूर येतो. सर्व नट-बोल्ट, विशेषतः पाते, गार्ड व मूठ यांचे, रोज तपासावेत.

सुमारे २५ तासांच्या कामानंतर गिअर पेटीचा स्क्रू काढून तिच्यात ग्रीस भरावे. पेटी गच्च भरू नये, अन्यथा ग्रीस तापून बाहेर येते. याच वेळी प्लग काढून पाहावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन निरोगी आहे. काळे व ओले असेल तर तेल जास्त पडत आहे किंवा गाळणी तुंबली आहे. पांढुरके असेल तर इंजिन अति तापत आहे. प्लगच्या दोन टोकांमधील अंतर बहुतेक यंत्रांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावे लागते. फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल प्रथम १० तासांनी व त्यानंतर साधारणपणे दर ५० तासांनी बदलावे. पात्यास धार लावताना प्रत्येक दाता सारखाच घासावा. एका बाजूस वजन राहिले तर यंत्र थरथरते, नट सैल होतात आणि चालकाच्या बोटांना त्रास होतो. ही थरथर म्हणजे यंत्राने दिलेली आगाऊ सूचना होय. ती जाणवताच काम थांबवून पाते पाहावे.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहून चिकटा धरणार नाही. इंजिन निवल्यावर प्लग काढून आत तेलाचे काही थेंब टाकावेत, दोरी दोनदा हळू ओढावी व प्लग परत बसवावा. पात्यास तेलाचा हात देऊन ते फडक्यात गुंडाळावे. यंत्र कोरड्या जागी, मुलांच्या हातास न लागेल असे ठेवावे. चूल, वैरण व बियाणे यांच्याजवळ ठेवू नये.

अपघात झाल्यास

खोल जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, तो अवयव वर उचलून ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हळद, माती किंवा चुना जखमेत भरू नये. डोळ्यात तुकडा रुतला असेल तर डोळा चोळू नये व तुकडा काढण्याचा प्रयत्न करू नये. डोळ्यावर दाब न येईल असे झाकण देऊन रुग्णालयात न्यावे. मुलाने पेट्रोल प्यायल्यास उलटी करवू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

शेतकऱ्यांच्या अपघातांसाठी शासनाने २०२३ साली गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू केली. ती खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. यंत्र चालविण्यास रोजंदारीवर आलेला भूमिहीन मजूर तीत बसत नाही. म्हणून चष्मा, बूट व कानांचे संरक्षक ही यंत्राच्या मालकानेच मजुरास पुरवावयाची साधने आहेत. यंत्राच्या किमतीत त्यांची किंमत आरंभीच धरावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

शेतास भेट देताना कार्यकर्त्यांनी चालकास पाच प्रश्न विचारावेत. गार्ड जागेवर आहे काय? मंद गतीत पाते स्थिर राहते काय? डोळ्यांवर चष्मा आहे काय? पेट्रोल-तेलाचे माप कोणते धरले? गवत अडकले तर प्रथम काय कराल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘इंजिन बंद करीन’ असे तत्काळ आले नाही, तर तेथेच थांबून क्रम समजावून द्यावा. प्रात्यक्षिकाच्या वेळी चालकाभोवती २० पावलांचे वर्तुळ चुन्याच्या फक्कीने आखावे आणि यंत्र सुरू होण्यापूर्वी सर्वांस त्याच्या बाहेर उभे करावे. १५ मीटर हा आकडा विसरला जातो, पण पांढरी रेघ मुलांच्याही लक्षात राहते.

यंत्राने शेतकऱ्याचे कष्ट हलके केले आहेत, यात संशय नाही. जो मालक पात्याची थरथर, प्लगचा रंग आणि क्लचची चाल यांकडे रोज लक्ष देतो, त्याचे यंत्र पुष्कळ वर्षे चालते आणि ते चालविणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परततो. बैलास दावणीला बांधून वैरण घालण्यापूर्वी त्याच्या खांद्यावरून हात फिरविण्याची आपल्याकडे रीत आहे. खांदा सुजला आहे काय, हे त्या हातास कळते. तीच नजर या यंत्राकडे वळवावी, एवढीच शेतकरी बंधू-भगिनींस विनंती आहे.